उजव्या गालावरचा तीळ

जालिंदर थोरातानं आयुष्यात निदान चार हजार माणसांची मुंडकी कापली होती आणि एकदाही पोलीस दारात आला नव्हता. उलट ज्यांची मुंडकी कापली तीच माणसं दुकानात येऊन चहा पाजून जायची. कऱ्हाडात स्टँडच्या मागं त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस असो, निवड असो, कुणाचाही फोटो आणा. जालिंदर त्याचं डोकं कापून दुसऱ्याच्या कोटावर बसवायचा, मागं उगवता सूर्य लावायचा आणि वर 'किंगमेकर' लिहून द्यायचा. केसांच्या कडा कापण्यात तर अख्ख्या तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि एक नियम त्यानं पंचवीस वर्षांत कधी मोडला नाही. फ्लेक्सवर प्रत्येकाचं तोंड साहेबांकडं पाहिजे. साहेब मधोमध, डावीकडच्यांनी उजवीकडं बघायचं, उजवीकडच्यांनी डावीकडं. एखाद्याचं तोंड बाहेर गेलं की आलंच भांडण दुकानात, 'मी साहेबांकडं पाठ फिरवली असं दाखवतोस काय रे?' मग फोटोतला माणूस नेमका बाहेर बघत असला तर? जालिंदर एक बटण दाबायचा. माणूस आरशातल्यासारखा उलटा व्हायचा. भांग इकडचा तिकडं, खिसा तिकडचा इकडं. कुणाच्या बापाला कळायचं नाही.

पुढं फ्लेक्सवर कायमची बंदी आली. चौकाचौकात पडदे लागले आणि पडद्यावरचे साहेब हलायला लागले. ते हात जोडायचे, हसायचे, त्यांच्या अंगावर फुलं पडायची. जालिंदरचे साहेब काही हलत नव्हते. मोठी पंचाईत झाली.

मग काय, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी गडी वही-पेन घेऊन क्लासला निघाला.

"साठी जवळ आली आणि तुम्ही शाळेत निघालाय," त्याची बायको नंदा म्हणाली. "डबा देऊ का भरून?"

"दे," जालिंदर म्हणाला.

क्लास एका मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर होता. शिकवायला शर्वरी मॅडम, वय वर्षं सत्तावीस. म्हणजे जालिंदरच्या लेकीपेक्षाही एका वर्षानं लहान. बाकीची पोरं तर मिसरूडही न फुटलेली. सगळे त्याला काका म्हणायचे, मॅडमसुद्धा.

"व्हिडिओ म्हणजे काय काका? सेकंदाला पंचवीस फोटो," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"म्हणजे सेकंदाला पंचवीस मुंडकी कापायची?"

"हो. आणि प्रत्येक थोडं थोडं हललेलं."

जालिंदरला घाम फुटला. पण हळूहळू हात बसला. चित्राचे थर करायचे, खाली मैदान, त्यावर माणसं, त्यावर धूळ, त्यावर अक्षरं. प्रत्येक थराच्या शेजारी एक बारका डोळा असतो. तो मिटला की थर दिसेनासा होतो, उघडला की परत येतो. एखादी गोष्ट हलवायची तर तिची पहिली जागा सांगायची आणि शेवटची जागा सांगायची, मधलं सगळं मशीन भरून काढतं. हिरव्या कापडासमोर माणूस उभा केला की मशीन हिरवं तेवढं खाऊन टाकतं आणि माणूस सुटा करून देतं. हे सगळं त्याला जमलं. फक्त जुनी खोड जाईना. कुणाचं तोंड बाहेर दिसलं की बोट आपोआप त्या उलटं करायच्या बटणावर.

"काका, माणूस उलटा करू नका!" मॅडम रोज एकदा ओरडायच्या. "इथं साहेब कुणी नाही!"

तिसऱ्या महिन्यात त्यांनी 'उकल' शिकवायला घेतली. 'उकल' म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेलं नवं तंत्र. एक जुना लग्नाचा व्हिडिओ लावून त्या म्हणाल्या, "पूर्वी आपण एखाद्याला कापून दुसरीकडं चिकटवायचो, तेव्हा काहीतरी खटकायचं. काय ते सांगता यायचं नाही. ते खटकणारं म्हणजे उजेड. मांडवातल्या माणसावर नुसता दिव्याचा उजेड नसतो. शेजारणीच्या लाल साडीवरून उडालेला लाल उजेड त्याच्या बाहीवर असतो, खालच्या सतरंजीचा त्याच्या हनुवटीखाली असतो. हे हातानं जुळवायचं तर जन्म जायचा. उकल काय करते, भिंतीवरची, गालावरची, स्टीलच्या पेल्यावरची चमक तपासते आणि उलटी मोजत जाते, की कुठला दिवा कुठं होता, किती होता, कुठल्या रंगाचा होता. आमटी नुसती चाखून त्यात काय काय पडलंय ते सांगणारी सुगरण असते ना, तसं. मग तोच सगळा उजेड ती तुमच्या नव्या माणसावर पाडते. कण कण जुळतो."

"वा! म्हणजे कामच झालं."

"काम झालं आणि घोळही झाला," मॅडम म्हणाल्या. "काका, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. प्रत्येक वेळी आठवलं की मेंदू ती बाहेर काढतो आणि मग नव्यानं आत ठेवतो. बाहेर असते तेवढा वेळ ती मळलेल्या कणकेसारखी मऊ असते. त्या वेळी समोर जे दिसेल ते तिच्यात मिसळू शकतं. पण मेंदूच्या दारात एक राखणदार बसलाय. तो चेहरे बघत नाही, खरं-खोटं बघत नाही, फक्त उजेड आणि सावल्या जुळतात का ते बघतो. आजवर आपली खोटी चित्रं त्यानं दारातच अडवली. उकल आली आणि ती आत शिरायला लागली. एका बाईंनी नातवाच्या बारशाच्या व्हिडिओत वारलेल्या नवऱ्याला घालून घेतलं. आता त्या शपथेवर सांगतात, ते बारशाला होते, दोन पेढे खाल्ले त्यांनी."

मॅडमनी लग्नाचा व्हिडिओ बंद केला.

"म्हणून नियम आलाय. खऱ्या प्रसंगात माणूस घातला की एक चूक मुद्दाम ठेवायची. एखादी सावली उलट्या बाजूला पाडायची. डोळ्याला ती सहसा दिसत नाही, पण राखणदाराला दिसते. आमच्या धंद्यात तिला गालबोट म्हणतात. बाळाला तीट लावतो ना, तसं. गालबोट नसलेलं काम बाहेर जाता कामा नये."

जालिंदर हसला आणि त्यानं आपला डावा गाल पुढं केला. त्यावर तुरीच्या दाण्याएवढा काळाभोर तीळ होता. "मला आमच्या आईनं कधी तीट लावली नाही मॅडम. म्हणायची, ह्याला देवानंच गालबोट लावून पाठवलंय."

घरी करायला अभ्यास मिळाला, तो असा: घरातला जुना व्हिडिओ घ्या, साफ करा आणि त्यात नसलेला एक माणूस घाला.

दुसऱ्या कुणी वाढदिवस घेतला, कुणी सहल घेतली. जालिंदरनं नेमका तो व्हिडिओ काढला, जो घरात बारा वर्षं कुणी लावला नव्हता.

त्याची लेक ईश्वरी दहावीत होती तेव्हाचा, शाळेनं काढलेला. शाळांच्या कबड्डीचा अंतिम सामना, कऱ्हाडातच, मांडव घातलेला, प्लास्टिकच्या खुर्च्या. जालिंदर येतो म्हणाला होता. त्याच दुपारी एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचे तीस फ्लेक्स आले. नंदा एकटी गेली, आणि एसटीत टाकतात तसा तिनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून नवऱ्याची जागा धरली. सामना संपेपर्यंत धरली. शेवटच्या चढाईला ईश्वरी गेली, एका गुणाचा फरक होता. जाता जाता तिनं आईकडं बघितलं. शेजारी रुमाल. तिथंच तिचा दम तुटला, आणि सामना गेला.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पप्पा, रुमाल छान बसला होता."

त्यानंतर बारा वर्षं ती बापाशी बोलली, पण कामापुरतं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. आता ती विट्याला एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवत होती. महिन्यातून दोनदा रविवारी यायची, आईपाशी स्वयंपाकघरात बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची.

आता तुम्ही म्हणाल, जगात एवढे व्हिडिओ पडलेत, जालिंदरनं हाच का घेतला? त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. अभ्यास आहे, असं तो नंदाला म्हणाला. अंगणातल्या भिंतीला तिची हिरवी साडी टांगली, जुना शर्ट चढवला आणि मोबाईल तिच्या हातात दिला. मग साडीसमोर खुर्चीवरून ताडकन उठून तो ओरडला, "ईशे, दम धर! दम सोडू नको!"

"माझी साडी टांगून हे काय चाललंय?" नंदा म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं मोबाईल खाली ठेवला. "अहो, हे करू नका."

"अभ्यास आहे गं नुसता."

पंधरा दिवस तो त्या खुर्चीशी झटला. आधी रुमाल पुसला. रुमालाखालची खुर्ची मशीननं भरून काढली. मग स्वतःला बसवला, केस काळे केले, पोट कमी केलं. पण साडीसमोर तो उजवीकडं बघत होता आणि मैदान तर होतं डावीकडं. बोट गेलं बटणावर. जालिंदर उलटा झाला आणि लेकीकडं बघायला लागला. तीळ डाव्या गालावरचा उजव्या गालावर गेला, पण ते त्याला दिसलंच नाही. कसं दिसणार? रोज दाढी करताना आरशात तो हाच चेहरा बघत आला होता.

मग उकल लावली. मांडवाच्या तांबड्या कापडातून झिरपलेलं ऊन त्याच्या कपाळावर उतरलं, नंदाच्या निळ्या साडीची निळाई त्याच्या बाहीवर आली. गालबोटही त्यानं नियमाप्रमाणं केलं होतं, खुर्चीच्या एका पायाची सावली उलटीकडं. पण ती सावली त्याच्या डोळ्यांत सलायला लागली. पंचवीस वर्षं ज्यानं एक केस इकडचा तिकडं होऊ दिला नाही, त्याला ती बघवेना. नुसतं बघू तरी कसं दिसतंय, म्हणून त्यानं त्या थराचा डोळा मिटला. बघितलं. आणि परत उघडायचं काही त्याच्यानं झालं नाही.

त्या रविवारी ईश्वरी आली. नंदा भाजी आणायला मंडईत गेली होती. जालिंदर म्हणाला, "मॅडमनी जुने व्हिडिओ साफ करायला सांगितलेत. तुझा तो सामना साफ केलाय. बघतीस?"

साफ केलाय, म्हणाला. त्या दोन शब्दांत सगळं पाप मावलं.

ईश्वरीनं तोंड वाकडं केलं, पण बसली. शेवटची चढाई आली. मांडवात निळी साडी दिसली, आणि शेजारून एक माणूस ताडकन उठला, ईशे, दम धर! ईश्वरीनं श्वास रोखला. परत लावा म्हणाली. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर तिनं बापाकडं तोंड केलं, तर डोळे भरलेले.

"पप्पा, तुम्ही आला होता."

जालिंदरनं तोंड उघडलं.

"मी रुमाल रुमाल म्हणून बारा वर्षं काय धरून बसले होते? तुम्ही उठून ओरडला होता. मला ऐकू आलं होतं, आता आठवतंय. माझाच दम कमी पडला." ती उठली आणि बापाच्या गळ्यात पडली. बारा वर्षांनी. आता अशा वेळी कुणाचा बाप म्हणेल, थांब, ते खोटं आहे? जालिंदरनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि रडला.

पुढचे दोन महिने काय सांगू! पोरीचा रोज फोन. पप्पा, आज अमकं झालं, पप्पा, तमकीचा गुडघा दुखावला. जालिंदर फोन घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि खुळ्यासारखा हसायचा. नंदाला मात्र दोन दिवसांतच कळलं. ती भांडली नाही, आणि तेच जास्त लागलं.

"मी सांगणार नाही तिला," ती म्हणाली. "रुमाल मी टाकला होता, तो उचललाय तुम्ही. आता तुम्हीच टाका परत. आणि मला तो व्हिडिओ दाखवू नका. माझी आठवण माझ्यापाशी राहू द्या."

पण जालिंदर तरी कुठला शुद्धीवर होता? पंधरा दिवस सेकंदाला पंचवीस वेळा त्यानं स्वतःला त्या खुर्चीत बघितलं होतं. एका सकाळी चहा पिताना त्याला त्या मांडवातल्या चहाची चव आठवली, आलं जास्त झालेलं. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता तेही आठवलं. त्याच्या हातातला कप थांबला.

"नंदे," त्यानं हळूच विचारलं, "मी खरंच आलो नव्हतो का गं? की उशिरा आलो होतो?"

नंदानं त्याच्याकडं असं बघितलं की तो मुकाट्यानं जिना चढून गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीवर त्याच नगरसेवकाचा जुना फ्लेक्स झाकण म्हणून बांधला होता, जास्तीचा छापलेला. उन्हानं नगरसेवक पांढरा पडला होता, पण कडेला मशीननं छापलेली बारीक अक्षरं अजून वाचता येत होती. एकोणीस जानेवारी, चार वाजून दहा मिनिटं. खाली भिंतीवर ईश्वरीचं उपविजेतेपदाचं प्रमाणपत्र होतं. एकोणीस जानेवारी. सामना चारला सुरू झाला होता. जालिंदर तारीख वाचून वर गेला, वर वाचून खाली आला. कागद सांगत होता एक आणि जीभ सांगत होती आल्याचा चहा. शेतात चकवा लागल्यावर माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो म्हणतात, तशी त्याची गत झाली.

त्याच आठवड्यात ईश्वरीचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"पप्पा, एक विचारू? मी प्रत्येक सामन्याआधी एकेका मुलीच्या घरी स्वतः फोन करते. आईबापांच्या पाया पडून बोलावते. सगळे हसतात मला. आज एका मुलीनं विचारलं, ताई, तुम्ही असं का करता? आणि मला सांगताच येईना. काहीतरी कारण होतं ओ. घट्ट असं होतं. आता हात घालते तर तिथं काहीच नाही."

"असतं एकेकाचं," जालिंदर कसाबसा म्हणाला.

"आज कुणालाच फोन केला नाही मी," ती म्हणाली. "आणि मला काही वाटलंही नाही."

रविवारी ती आली. जेवायला समोरासमोर बसली आणि घास हातात धरून बापाकडं बघतच राहिली. नंतर उठून जवळ आली आणि त्याच्या उजव्या गालाला बोट लावलं.

"पप्पा, तुमचा तीळ इथं होता ना?"

"डावीकडंच आहे की. जन्मल्यापासून."

"नाही ओ. इथं होता. मला चांगलं आठवतंय." ती हसायला गेली, पण तिला हसू फुटेना. "मगाशी दार उघडलंत ना, तेव्हा क्षणभर मला वाटलं, पप्पांसारखे दिसणारे हे कोण आहेत? राग मानू नका. मलाच काहीतरी होतंय."

घ्या! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बारा वर्षांपूर्वीच्या खुर्चीत जागा मिळवली, आणि आज समोर बसलेल्या बापाला पोरगी ओळखेना.

सोमवारी क्लास भरायच्या आधीच तो शर्वरी मॅडमच्या समोर जाऊन उभा राहिला आणि सगळं ओकला. मॅडमनी फाईल उघडून बघितली. मिटलेला डोळा बघितला, उजव्या गालावरचा तीळ बघितला.

"काका, किती वेळा सांगितलं होतं, माणूस उलटा करू नका."

"पुसता येईल का मॅडम?"

"इथला थर पुसता येतो. आत गेलेला नाही. मूळ व्हिडिओ तिला दाखवा. रुमालवाली आठवण परत येईल कदाचित, पण ती ह्या आठवणीच्या शेजारी येऊन बसेल. दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतील. दर वेळी तिला स्वतःला सांगावं लागेल, ही खरी, ती खोटी. जन्मभर." त्या थांबल्या. "आणि तुम्हालाही."

जालिंदरनं दोन दिवस तळ्यात-मळ्यात केलं. नाही सांगितलं तर पोरगी आपल्याशी बोलत राहील, पण तिच्या आतलं एकेक सुटत जाईल. सांगितलं तर तिची ती परत उभी राहील, आणि आपण परत रुमालाखाली. बुधवारी सकाळी तो विट्याच्या एसटीत बसला.

शाळेच्या मैदानाकडेला, लिंबाखाली, त्यानं तिला सगळं सांगितलं. ईश्वरीनं ऐकून घेतलं आणि चक्क हसली.

"पप्पा, उगीच मोठेपणा नको. तुम्ही आला होता. मी बघितलंय."

"तू मी केलेलं बघितलंस. मी नव्हतो आलो पोरी. मी फ्लेक्स छापत होतो." आणि त्यानं मूळ व्हिडिओ लावला.

निळी साडी दिसली. शेजारी पांढरी खुर्ची, त्यावर चौकडीचा रुमाल, चारी टोकं नीट पसरलेला. नंदाचा एक हात त्या रुमालावर होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. जालिंदरनं हा हात पंधरा दिवस काम करताना पुसून काढला होता, आणि तरी तो त्यानं आज पहिल्यांदा बघितला.

ईश्वरी बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

"दोन्ही दिसतंय मला," ती म्हणाली. "पप्पा, दोन्ही दिसतंय. मी काय करू?" आणि मग तिचा आवाज चढला, मैदानावरच्या पोरी वळून बघायला लागल्या. "एवढी वर्षं रागावले होते ते तुमच्यावर. बरोबर? मग दोन महिन्यांमागं मी माफ केलं ते कुणाला?"

ती उठली, शिट्टी तोंडात धरली आणि मैदानात निघून गेली. तो लिंबाखाली बसून राहिला, मग एसटी धरून घरी आला.

तीन आठवडे फोन नाही. चौथ्या आठवड्यात नंदाच्या मोबाईलवर चार शब्द आले. शनिवारी तासगावला अंतिम सामना. जालिंदरचं नाव नव्हतं, पण नको असंही लिहिलेलं नव्हतं.

सामना चारला होता. जालिंदर नंदाला घेऊन दोनलाच मांडवात येऊन बसला. खुर्च्या अजून मांडत होते. मांडणाऱ्यानं त्याला दोनदा उठवलं आणि दोनदा तो परत तिथंच बसला. हळूहळू गर्दी जमली. ईश्वरीच्या संघातल्या सगळ्या पोरींचे आईबाप आले होते, एकूण एक. प्रत्येकाला फोन गेला होता म्हणे, पाया पडून.

पावणेचारला ईश्वरी खुर्च्यांतून वाट काढत आली. बापासमोर उभी राहिली. आधी तिनं त्याच्या उजव्या गालाकडं बघितलं, मग डाव्या. मग बोट उचलून डाव्या गालावरच्या तिळावर ठेवलं आणि जरा दाबलं, पुसला जातो का बघावं तसं.

"आलात," ती म्हणाली.

"दोन तास झाले."

तिनं मान हलवली. मग खिशातून रुमाल काढला, झटकला, आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नीट पसरला. चारी टोकं सरळ केली.

जालिंदर गोंधळला. नंदा तर त्याच्या पलीकडच्या बाजूला बसलीच होती. "हा कुणासाठी गं?"

"त्या दिवशी आले होते ना, त्यांच्यासाठी," ईश्वरी म्हणाली. "ते जात नाहीत माझ्या डोक्यातून. मग म्हटलं, त्यांनाही जागा ठेवू. त्यांना मी माफ केलंय पप्पा. तुमचं अजून बघते."

आणि ती मैदानाकडं धावत गेली.

सामना सुरू झाला. जालिंदरचं एक लक्ष मैदानात आणि एक खुर्चीत. वारा सुटला तसं रुमालाचं टोक उडायला लागलं. त्यानं त्यावर हात ठेवला. नंदानं ते बघितलं.

एक फेटेवाला माणूस उशिरा आला, जागा शोधत. "पाव्हणं, इथं कोण हाय का?"

जालिंदरनं रुमालाकडं बघितलं. "मी हाय," तो म्हणाला.

"तुम्ही तर हितं बसलाय की."

"व्हय. तिथंबी मीच हाय."

माणसानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दोन रांगा पुढं जाऊन उभा राहिला. तेवढ्यात शेवटची चढाई आली. विट्याची एक काटकुळी पोर मध्यरेषेशी आली, आणि जाता जाता तिनं मांडवात आपल्या माणसांकडं बघितलं. जालिंदर ताडकन उठला. रुमालावरचा हात त्यानं काढला नव्हता, म्हणून अर्धा वाकूनच ओरडला, "दम धर पोरी! दम सोडू नको!"

आणि ओरडता ओरडताच तो घोटाळला. हेच आपण आधी कुठं ओरडलो होतो, अंगणात हिरव्या साडीपुढं की त्या मांडवात, ते काही केल्या त्याला आठवेना.